शाळेनं वाचायला लावलेलं पुस्तक कधी कुणाला आवडलंय का?

कर्वेनगरी

लेक आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. मागच्या वर्षापर्यंत हिच्या ताटासमोरून पुस्तक ओढून घ्यावं लागायचं. यंदा शाळेनं 'वाचन प्रकल्प' काढलाय. दर आठवड्याला यादीतलं एक पुस्तक वाचायचं आणि वहीत रकाने भरायचे: पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, सारांश, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध, पालकांची सही. शनिवारी वही तपासायला जाते.

हेतू चांगलाच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण घरात झालंय असं, की पोरगी आता मलपृष्ठावरचा मजकूर वाचते, पहिलं आणि शेवटचं प्रकरण चाळते आणि सारांश ठोकून देते. यादीबाहेरचं काही हातात घेतलं तर "ते वहीत धरत नाहीत" म्हणून अर्ध्यावर ठेवते. परवा सही घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "आई, ह्या पुस्तकात बोध नव्हता. मी घातलाय."

तर मंडळी, शाळेनं नेमून दिलेल्या वाचनामुळे तुम्ही पुस्तकांच्या जवळ आलात की लांब गेलात? पाठ्यपुस्तकातले धडेसुद्धा यात धरा. आणि कृपा करून 'मोबाईलमुळेच सगळं' ही गाडी इथे आणू नका, त्याचे तीन धागे आधीच वाहताहेत.

भोचक_भवानी

रुमाल टाकून ठेवते. 'बोध घातलाय' वाचून चहा नाकात गेला. मुलगी लेखिका होणार बघा, किंवा संपादक.

मुठेकाठचा

आमच्याकडे जूनमध्ये पुस्तकं आली की आई गव्हाच्या पिठाची खळ करायची आणि सगळ्यांच्या पुस्तकांना खाकी कव्हरं चढायची. कव्हर वाळेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही असा नियम होता आणि तो मी एकदाही पाळला नाही. मराठीचं पुस्तक त्याच संध्याकाळी संपायचं. मोठ्या भावाचंही वाचून व्हायचं, त्यामुळे वरच्या इयत्तेतले धडे मला एक वर्ष आधीच माहीत असायचे.

गंमत पुढे आहे. जूनमध्ये ज्या धड्याला मी खदखदून हसलो होतो, तोच गणपतीच्या सुमारास वर्गात शिकवून झाला की नकोसा व्हायचा. धडा तोच, छपाई तीच, मीही तोच. मधल्या काळात फक्त त्याखालचे प्रश्न आले होते. कोण कोणास म्हणाले, का म्हणाले. विनोद कोण कोणास म्हणाले हे लिहायला लागलं की विनोद मेलाच.

म्हणून मला वाटतं, धड्यांची निवड वगैरे सगळं नंतरचं. गुन्हेगार स्वाध्याय आहे.

आडवा_तिडवा

झालं, सुरू झालं स्मरणरंजन. खळ, खाकी कव्हर, आता पत्र्याची पेटीही आणा.

अहो, तुमच्या घरी भाऊ होता, पुस्तकं होती, वाचणारे लोक होते. तुम्ही स्वाध्याय नसता तरी वाचलं असतं आणि होता तरी वाचलंच की. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी शाळेनं मानगुटीवर बसून वाचायला लावलं नसतं तर आयुष्यात एक कविता ऐकली नसती. त्यांना औदुंबर म्हणजे गाणगापूर एवढंच ठाऊक असतं. सक्ती वाईट म्हणणं हा ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांचा छंद.

मुठेकाठचा

@आडवा_तिडवा, औदुंबर गाणगापूरला नाही, सांगली जिल्ह्यात आहे. :)

आडवा_तिडवा

बघा, शाळेनं भूगोल मानगुटीवर बसून शिकवला नाही त्याचा परिणाम.

निवृत्त_खडू

मी मराठीची शिक्षिका होते, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. मुठेकाठच्या भाऊंचं निम्मं मान्य आहे.

बालकवींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता. तो पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर खिन्न आहे, ध्यानस्थ आहे की नुसता निवांत आहे, यावर मोठमोठे समीक्षक वर्षानुवर्षं भांडले आहेत. आणि गाईडात त्याचा मध्यवर्ती विचार चार ओळींत मिळतो. मुलं तो पाठ करतात. मी शिकवताना म्हणायचे, तुम्हाला तो कसा वाटतो ते सांगा. एक मुलगा म्हणाला होता, "बाई, तो सुट्टीत मामाच्या गावाला आल्यासारखा वाटतो." मला ते फार आवडलं. पण परीक्षेत तसं लिही असं मी त्याला सांगू शकले नाही, हेही खरं.

कारण पेपर तपासणं म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, सोबत आदर्श उत्तरं असतात, तपासलेल्या पेपरांवर नियामकांची नजर असते. एकाला पाच आणि तेच लिहिणाऱ्या दुसऱ्याला तीन असं झालं तर दोन्ही घरचे लोक जाब विचारणार, आणि त्यांचं चूक नाही. सगळ्यांना सारखं मोजायचं तर उत्तरही सारखंच लागतं. मामाच्या गावाला आलेला औदुंबर त्या मापात बसत नाही.

राहिला सक्तीचा प्रश्न. ज्या घरात कॅलेंडरशिवाय छापील कागद नाही, त्या घरात शाळेचं मराठीचं पुस्तक हेच एकमेव पुस्तक असतं. बालभारती म्हणजे आपल्या सेनापती बापट रस्त्यावरचं पाठ्यपुस्तक मंडळ, १९६७ मध्ये स्थापन झालं. त्याआधी निरनिराळ्या वाचनमाला होत्या. आचार्य अत्रे आपल्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांची नवयुग वाचनमाला गाजली ती मुलांना रुचेल असं मराठी दिल्यामुळे. सांगायचा मुद्दा, धडे निवडणारे लोक रसिकच असतात. रस पुढे कुठे आटतो ते पाहायला हवं.

भोचक_भवानी

खडूताई, मामाच्या गावाला आलेला औदुंबर! त्या मुलाला शोधून काढा कुणीतरी.

कोथरूडचा_बाप

आमचं दुखणं वेगळंच. मुलगा सीबीएसई शाळेत. इंग्रजी जाडजूड ठोकळे चार दिवसांत संपवतो, त्याला वाचनाचं वावडं नाही. पण मराठी पुस्तक पुढे केलं की विचारतो, "टेस्ट आहे का?" २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, मला आनंदच झाला होता. प्रत्यक्षात झालं काय, तर त्याच्या डोक्यात इंग्रजी म्हणजे गोष्ट आणि मराठी म्हणजे गुण असं पक्कं बसलं. घरी आम्ही मराठीच बोलतो. आजीशी भांडतो तेसुद्धा मराठीत. तरी छापील मराठी दिसलं की चेहरा पेपर लिहायला बसल्यासारखा होतो.

बाणेरबाला

+१. आमच्याकडेही डिट्टो.

सखाराम_बाइट्सवाला

इंग्रजीत त्याला आवडतं कारण इंग्रजीत त्याच्यासाठी लिहिलंय. आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी नवीन काय येतं ते सांगा. बालवाडीसाठी चित्रमय पुस्तकं आहेत, मग एकदम चरित्रं आणि ऐतिहासिक कादंबऱ्या. मधली मुलं काय वाचणार? अप्पा बळवंत चौकात जा, दहा दुकानं फिरा. आठवीचं गाईड प्रत्येक ठिकाणी मिळेल, आठवीतल्या मुलासाठी कादंबरी मागितली की दुकानदार वर बघतो आणि फास्टर फेणे काढून देतो. भा. रा. भागवतांना दंडवत, पण बन्या आता आजोबांच्या वयाचा झाला हो.

आडवा_तिडवा

@सखाराम, माझ्या पुतण्यानं फास्टर फेणे सगळे वाचले आणि मला विचारलं, "काका, ट्रंक कॉल म्हणजे काय?" तेवढंच अडलं. बाकी कुठे अडलं नाही. त्यामुळे जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे.

दुष्काळी_पाहुणा

मी बीडकडचा. सध्या सदाशिव पेठेत, म्हणजे कशासाठी ते सांगायची गरज नाही. अभ्यासिकेतून लिहितोय, त्यामुळे उद्या इथे कुणी ओळखलं तर 'चालू घडामोडी वाचत होतो' म्हणून साक्ष द्या.

आडवा_तिडवांचं म्हणणं मला पटतं, कारण मी त्यांच्या निम्म्या वर्गातला आहे. आमच्या घरात पोथी आणि खताच्या दुकानाचं कॅलेंडर. धड्याच्या वर किंवा खाली एक चौकट असते बघा, लेखकाचा परिचय. जन्मसाल, गाव आणि शेवटी 'त्यांची प्रसिद्ध पुस्तके' म्हणून चार-पाच नावं. आमच्या सरांनी ती पाठ करून घेतली होती, टीप आली तर लिहिता यावी म्हणून. मला तेव्हा कळलंच नव्हतं की ती पुस्तकं खरोखरची असतात आणि आणून वाचता येतात. ती नावं म्हणजे त्या लेखकाच्या पदव्या असाव्यात असं वाटायचं.

नववीत तालुक्याच्या वाचनालयात एका कामासाठी गेलो आणि कपाटात 'बनगरवाडी' दिसलं. हे तर चौकटीतलं! कुणी ओळखीचं भेटावं तसं झालं. तिथेच उभ्या उभ्या सुरू केलं. नवखा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळेसाठी येतो आणि शाळेत पोरंच नाहीत. आमच्याच वस्तीवरचं वाटलं मला ते. वाचनालयवाल्या काकांनी दिवे घालवले तेव्हा बाहेर आलो. पुढची दोन वर्षं माझी यादी एकच होती, पाठ्यपुस्तकातल्या चौकटी. मागच्या वर्षांची पुस्तकंही रद्दीतून मिळवली, चौकटींसाठी.

तेव्हा लांब गेलो की जवळ आलो, तर जवळ. धड्यामुळे नाही, स्वाध्यायामुळे तर नाहीच. चौकटीमुळे.

अवांतर: राज्य मंडळाची इतिहास-भूगोलाची पुस्तकं आम्ही इथे जितक्या भक्तिभावानं वाचतो तितकी शाळेत कुणीच वाचली नसतील. पंचविशीतली पोरं सहावीचं पुस्तक छातीशी धरून टिळक रोडनं हिंडताना दिसली तर घाबरू नका.

कर्वेनगरी

दुष्काळी_पाहुणा, किती छान लिहिलंय. चौकटीकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

मुठेकाठचा

मानलं. माझा सिद्धांत तुमच्यापुरता मागे घेतो, बाकीच्यांसाठी चालू आहे.

पर्वतीपायथा

शाळेतले धडे म्हटलं की मला एकच आठवतो, 'सोनाली'. चाळीसगावच्या डॉ. पूर्णपात्र्यांनी घरी वाढवलेली सिंहीण. तिची मैत्रीण रूपाली, कुत्री. शेवटी सोनालीला आपल्या पेशवे पार्कात ठेवतात. त्या धड्याला आख्खा वर्ग गप्प असायचा. मागच्या बाकांवरचे सुद्धा.

बाणेरबाला

आई गं, सोनाली! मी रडले होते आणि शेजारणीनं बाईंना सांगितलं होतं.

पर्वतीपायथा

आमचं घर पेशवे पार्काजवळ. धडा शिकून झाल्यावर मी बाबांच्या मागे लागलो. ते घेऊन गेले आणि पिंजऱ्यातल्या सिंहाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघ सोनाली." मी बराच वेळ हाका मारल्या. शेवटी त्यानं मान वळवली तेव्हा भरघोस आयाळ दिसली. बाबा म्हणाले, "थंडी आहे ना, केस वाढवलेत."

पुढे प्राणी कात्रजला हलवले, तिथेही बाबा माझ्या मुलीला सोनाली दाखवून आले.

भोचक_भवानी

😂😂 पुणेरी बाबा. हरणं शक्य नाही.

सखाराम_बाइट्सवाला

विषयाला धरून एक शंका. सोनालीच्या धड्याखालीही प्रश्न होतेच ना? मग तो का नाही मेला?

मुठेकाठचा

अडचणीचा प्रश्न विचारलात. विचार करून सांगतो.

हडपसरची_ताई

मी वस्तीतल्या मुलांबरोबर शनिवारी वाचनाचा तास घेते. फार मोठं काही नाही, एका मंदिराच्या सभामंडपात चटया टाकतो आणि दोन पेट्या पुस्तकं असतात.

पहिल्यांदा मुलांना गोष्ट वाचून दाखवली तेव्हा संपल्या संपल्या सगळ्यांनी पाठ ताठ केली. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं, ती प्रश्नांची वाट बघत होती. गोष्ट झाली की मोठं माणूस विचारतं, "काय शिकलात?" मी काहीच विचारलं नाही, पुस्तक पेटीत ठेवलं आणि बिस्किटं काढली. एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "ताई, तुम्ही विसरलात." "काय?" "खरं बोलावं."

बोध तिनंच काढून माझ्या हातात ठेवला! गोष्ट होती एका बेडकाची, ज्याला उडी मारायचा कंटाळा येतो. खऱ्याखोट्याचा काही संबंध नव्हता.

आता ती मुलं ताठ होत नाहीत. मधेच उठून जातात, पुस्तक नावडलं तर तोंडावर सांगतात, एकाला तर चटईवर झोप लागते. मला हे वाचन वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला गोंधळ वाटतो.

निवृत्त_खडू

हडपसरच्या ताई, तुमच्याकडे गुण द्यायचे नसतात, म्हणून हे शक्य होतं. माझ्या वर्गात मी आठवड्यातला एक तास असाच ठेवायचे, प्रश्न नाहीत, वही नाही, मी वाचणार आणि मुलांनी ऐकायचं. पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावरून हात वर आला. "बाई, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर निम्मा वर्ग सैल झाला आणि उरलेल्या निम्म्यानं गणिताची वही काढली. गणितवाल्यांना परत आणायला दिवाळी उजाडली. पालकसभेत एका गृहस्थांनी या तासाचा हिशेबही मागितला होता. तेव्हा दोष शाळेवर टाकताना घराकडेही बघा.

कोथरूडचा_बाप

ते गृहस्थ मी नव्हे. (पण असू शकलो असतो.)

नदीपल्याड

मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून एक जुना प्रयोग सांगते. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर छान फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं, तर बक्षीस कबूल करून घेतलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांवर तसा परिणाम नव्हता.

म्हणजे आवडीच्या गोष्टीला 'हे केलंस तर ते मिळेल' जोडलं की आवड पातळ होते. कर्वेनगरींच्या लेकीच्या बाबतीत हेच दिसतंय. ती आधीच वाचत होती. जे मूल वाचतच नाही त्याला वहीचा फायदा होऊही शकतो, कारण त्याच्याकडे गमवायला आवडच नसते. दोघांना एकच वही दिली जाते हा घोळ आहे.

आडवा_तिडवा

हे बरोबर बोललीस. मी काल जे म्हणत होतो ते सभ्य भाषेत.

अकरावीतली

नमस्कार. मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण तुम्ही सगळे काका-काकू आमच्याबद्दल बोलताय म्हणून.

गेल्या वर्षी दहावी दिली. आता नुसतं कोण कोणास म्हणाले नसतं, कृतिपत्रिका असते. त्यात 'स्वमत' असतं. धड्यातल्या एखाद्या विचारावर स्वतःचं मत लिहायचं. ऐकायला भारी ना? गाईडात प्रत्येक धड्याचं स्वमत छापलेलं असतं. आमच्या वर्गातल्या सगळ्यांचं स्वतःचं मत शब्दाशब्दाला सारखं होतं. क्लासच्या सरांनी तर 'स्वमताची शेवटची ओळ' म्हणून एक वाक्य दिलेलं, कुठल्याही धड्याला चालतं.

दुसरं म्हणजे कवितेवर एक प्रश्न असतो, 'कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण'. मी पूर्वपरीक्षेत एका कवितेबद्दल न आवडण्याचं लिहिलं. नीट लिहिलेलं, कुठली ओळ का खटकते ते. पेपर हातात आला तर त्यावर लाल पेननं गोल आणि बाजूला 'असे लिहू नये'. दोनपैकी अर्धा गुण. मैत्रिणीनं 'ही कविता मला खूप आवडते कारण तिची भाषा सोपी व ओघवती आहे' लिहिलं, दोनपैकी दोन. तिनं ती कविता वाचलीसुद्धा नव्हती, तिनंच सांगितलं.

मग बोर्डात मीही ओघवती लिहिलं. गुण मिळाले. कवितांचं पुस्तक त्यानंतर उघडलेलं नाही.

भोचक_भवानी

'असे लिहू नये'. काय बोलायचं.

निवृत्त_खडू

बाळ, तुझं हे वाचून वाईट वाटलं. प्रश्नातच 'वा न आवडण्याचे' छापलंय, म्हणजे तशी मुभा आहे. कारण नीट दिलं असेल तर गुण द्यायलाच हवेत. मी दिले असते, माझ्यासारखे बरेच जण देतात. अडचण अशी की न आवडण्याचं लिहिणारं मूल समोर येतच नाही. गठ्ठेच्या गठ्ठे तपासले तरी सगळ्यांना सगळ्या कविता आवडलेल्या असतात. मग एखादं वेगळं आलं की तपासणारा बिचकतो.

मुठेकाठचा

सखारामपंत, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं बहुतेक. सोनाली का नाही मेली? कारण तो धडा आवडला म्हणून सांगायला कुणाला खोटं बोलावं लागत नव्हतं. प्रश्नही होते, गुणही होते, पण त्या दिवशी आख्खा वर्ग, बाईंसकट, खरंच त्यात होता. मी स्वाध्यायाला गुन्हेगार ठरवलं होतं. अकरावीतलीचं वाचून वाटतं, प्रश्न विचारल्यानं बिघडत नाही, उत्तर आधीच ठरलेलं असल्यानं बिघडतं. पोरांना एकदा कळलं की इथे आवडलं असंच म्हणायचं असतं, की मग ती पुस्तकाशीही तसंच वागतात जसं लग्नात भेटणाऱ्या दूरच्या आत्याशी. हो हो, ओळखलं ना, छान छान.

पर्वतीपायथा

त्या आत्याचंही स्वमत असतं बरं का. "किती वाळलास!" दरवर्षी तेच. गाईडातलं.

सखाराम_बाइट्सवाला

पटलं. पण मग बोर्डाला सांगणार कोण? गेल्या काही वर्षांत पुस्तकात वह्यांची कोरी पानं जोडून झाली, ती काढूनही झाली. दप्तराच्या वजनावर जेवढी चर्चा होते त्याच्या दशांश 'स्वमता'वर झालेली ऐकली नाही.

दुष्काळी_पाहुणा

@अकरावीतली, तू इथे जे लिहिलंस ते स्वमत आहे. आमच्याकडे मुख्य परीक्षेला हे जमत नाही म्हणून लोक क्लास लावतात.

हडपसरची_ताई

कर्वेनगरी, व्यवहाराचं बोलू. बालभारतीचंच 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतंय. जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. लेकीला त्यात सोडून द्या, काही विचारू नका. पाठ्यपुस्तकं जिथून निघतात तिथूनच हे निघतं, आणि त्याच्या खाली प्रश्न नसतात. मुलांना फरक लगेच कळतो.

दुसरं, तिला वाचनालयात स्वतःच्या नावानं सभासद करा. पुणे मराठी ग्रंथालय नारायण पेठेत आहे, नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून आहे. पुस्तक निवडताना तुम्ही बाहेर थांबा. पहिले काही महिने ती भुताखेतांचंच आणेल. आणू द्या.

बाणेरबाला

आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, तिथे न्या. गर्दी भयंकर, पण शाळेच्या गणवेशातली पोरं खाली बसून वाचताना दिसतात.

आडवा_तिडवा

शाळेच्या सहलीनं आलेली असतात ती. बाई डोकी मोजत असतात.

बाणेरबाला

तुम्हाला एक दिवस तरी काही आवडू द्या हो.

आडवा_तिडवा

न आवडण्याचे कारण लिहिलंय. दोनपैकी दोन द्या.

कोथरूडचा_बाप

आमच्याकडची ताजी बातमी. काल चिरंजीवांना 'किशोर'चा एक जुना अंक टॅबवर उघडून दिला आणि मी स्वयंपाकघरात निघून गेलो. दहा मिनिटांनी आवाज आला, "बाबा, टेस्ट नाहीये ना नक्की?" नाही म्हटलं. पुढे तासभर आवाज नाही. आत्ताच काही म्हणत नाही, पण नोंदवून ठेवतो.

कर्वेनगरी

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

अकरावीतलीचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "म्हणजे न आवडलेलं लिहिता येतं?" म्हटलं, तू लिही, सही मी करते. या आठवड्याच्या पुस्तकापुढे तिनं लिहिलं: 'सारांश: अर्ध्यावर सोडले. आवडलेले पात्र: नाही. बोध: लेखकाने सगळ्या मुलांना एकाच आवाजात बोलायला लावले आहे, खरी मुले असे बोलत नाहीत.' मी सही केली. हात जरा थरथरला, कारण यादीतलं पुस्तक आहे आणि लेखकाचं नाव मोठं आहे.

शनिवारी वही परत आली. लाल पेननं शेरा: 'पूर्ण वाचावे, मग मत द्यावे.'

खरं सांगायचं तर बाईंचं म्हणणं वाजवी आहे, आणि 'असे लिहू नये' तरी नाही लिहिलं. पण कन्या खवळली. तेव्हापासून पुस्तक घेऊन बसलीय, हातात पेन्सिल. जिथे जिथे मुलं खोटं बोलतात तिथे फुली मारत चाललीय. आज जेवताना पुस्तक ओढून घ्यावं लागलं.

निवृत्त_खडू

तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि फुल्या पुस्तकावर मारत असेल तर शाळेची प्रत आहे की स्वतःची, तेवढं बघा.

कर्वेनगरी

शाळेची. :( खोडरबर घेऊन बसते आता.

सखाराम_बाइट्सवाला

पण पुस्तक कुठलं ते सांगा ना.

कर्वेनगरी

इथे नको हो, उगाच वाद. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

भोचक_भवानी

मलाही.

पर्वतीपायथा

मलाही व्यनि.

आडवा_तिडवा

मला व्यनि नको, मी ओळखलंय. माझ्याही फुल्या तयार आहेत.